बाटलीतला किडा

मी अंजना. मेढ्याकडच्या बाया मला तोंडाची फटकळ म्हंत्यात. म्हनू द्या. ऐन भातलावनीच्या टायमाला आमची सून अंकिता डोळा धरून बसली. "आत्या, डोळ्यात कायतरी वळवळतंय. साताऱ्याला डाक्टरला दावू या."

"आन् मशी कोन बघनार, तुझा बा?" म्या म्हनलं.

पर रडून रडून जीव खाल्ला तिनं. मग बाजारात बसनाऱ्या, डोळ्यातनं किडं काढनाऱ्या म्हातारीकडं नेली. म्हातारीनं पाल्याचा रस पिळला, डोळ्याला त्वांड लावून चोखलं आन् माझ्या तळव्यावर थुकली. पांढरा किडा! म्या तो फौजेतल्या लेकानं कॅन्टीनमधनं आनलेल्या रममधी बुडवून बाटलीत घातला आन् फळीवर ठिवला.

चार दिसांनी परत तेच. "आत्या, हाय अजून. आरशात दिसला, पांढऱ्यावरनं सरकत गेला."

"आगं, किडा बाटलीत हाय, तू डोळ्यात कुठला आनलास? लय झाली नाटकं!" घरी कुनी आलं की म्या बाटली काढायची. "ह्यो बघा किडा, आन् ही बघा आमची नटी." बाया फिदीफिदी हसायच्या. अंकिता पदरानं डोळा पुसायची. लेकाचा, धैर्यशीलचा, फौजेतनं फोन आला की मीच घ्यायची. "बरी हाय ती. काळजी करू नगंस."

दिवाळीला धैर्यशील सुट्टीवर आला. बायकूचा डोळा बघितला आन् चहासुदिक न घेता गाडी काढली. म्याबी गेले, बाटली घेऊन. पुरावा नगं व्हय?

साताऱ्याच्या डाक्टरीनबाई मशिनीतनं लय येळ बघत हुत्या. "किडा डोळ्याच्या आत गेलाय. आतला पडदा सुटलाय. किडा काढू, पण या डोळ्याची नजर गेली. वर पांढऱ्यात होता तेव्हाच आणलं असतं, तर बधिर करायचे थेंब टाकून दहा मिनिटांत निघाला असता."

तरी म्या बाटली म्होरं केलीच.

त्यांनी ती उजेडात धरली. "आजी, ही वांग्यातली अळी आहे."

धैर्यशील त्या दिसापासनं माझ्याशी बोलत न्हाई. अंकिता बोलती. घरी कुनी पावनं टेकलं की चहाचा कप हातात देत ग्वाड आवाजात म्हनती, "आत्या, बाटली आना की. पावन्यास्नी किडा दावा."

मी उठते. फळीवरनं बाटली काढते, आन् दावते.