पायाचा जोर

“आता दाबा,” ब्रेक्या म्हणाला.

वहिनीने ब्रेक दाबला. स्टिअरिंग तिच्या हातांत थरथरायला लागलं, आधी बारीक, मग गदागदा, समोरून कुणी धरून हलवावं तसं. पेडलही खालून पायाला ठोसे मारत होतं. गाडी उभी राहिली तेव्हाच ते थांबलं.

“बघितलंत? मी काही केलं नाही हो भाऊजी. नुसता पाय ठेवला.”

“बघितलं.”

“आई म्हणतात, बाईच्या हातात दिली आणि गाडीला कापरं भरलं.”

ब्रेक्या हल्ली गप्पच असायचा. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच गाल आपण चावतो तरी कळत नाही, तसा तो हिवाळ्यापासून आख्खाच झाला होता. हिवाळ्यात दादा गेला, त्याचा थोरला भाऊ. तेव्हापासून जेवण जात होतं, झोप लागत होती, गॅरेजात हात चालत होते. रडू आलं नाही म्हणून मावशीने चारचौघांत ‘दगड’ म्हटलं. तेही लागलं नाही.

गाडी दादाची. जुनी, दोनदा रंग मारलेली, मागचं एक दार आतून न उघडणारी. दादा ती भाड्याने चालवायचा. तो गेल्यावर गाडी पांघरूण घालून अंगणात उभी राहिली. मग एक दिवस वहिनी क्लास लावून गाडी शिकून आली आणि म्हणाली, शाळेच्या मुलांची ने-आण करते. शाळा तयार होती. घर तयार नव्हतं. मामाने गाडीला गिऱ्हाईक आणलं. “थरथरणाऱ्या गाडीत कोण आपलं पोर बसवेल?” असं मामा म्हणाला. गाडी विकली की वहिनीला पुन्हा घरात बसवता येईल, असं मात्र तो म्हणाला नाही. अशा गोष्टी कुणी म्हणत नसतं. आईने मामाचीच री ओढली. माझ्या लेकाच्या हातात लोण्यासारखी चालायची, हिने बिघडवली, म्हणायची.

ब्रेक्याचं आख्खं आयुष्य ब्रेकमध्ये गेलेलं. गॅरेजात त्याला दुसरं नावच उरलं नव्हतं. पण घरात कुणाला वाटलं नाही की याला विचारावं. शेवटी वहिनीच गाडी घेऊन आली. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. तोवर गाडी नीट व्हायला हवी होती आणि ती कुणी बिघडवली हेही कळायला हवं होतं. दुसऱ्याशिवाय पहिल्याचा काही उपयोग नव्हता. गाडी नीट झाली तरी ‘हिने बिघडवली होती’ हे वाक्य घरात भिंतीसारखं उभं राहणार होतं.

“उतरा,” तो म्हणाला. “मी एक चक्कर मारून येतो.”

गॅरेजामागच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी पळवली. हळू असताना ब्रेक मारला, काही नाही. वेग वाढवून मारला, स्टिअरिंग हललं. मग ब्रेकवरून पाय काढला आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो अलगद ओढला. मागची चाकं आवळली गेली, गाडी सुतासारखी सरळ मंदावली. म्हणजे मागचं ठीक. दुखणं पुढे.

परत येऊन त्याने पुढची चाकं उतरवली.

गॅरेजचा मालक चहा पीत होता. “डिस्क वाकली असेल रे. लेथला लाव, हलकासा कट मार, संपलं.”

गॅरेजमधला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. ब्रेक थरथरला की डिस्क वाकली. डिस्क म्हणजे जणू पत्र्याची ताटली. ओतीव लोखंड इतक्या सहज वाकत नसतं, पण हे सांगायला गेलं की लोक आपल्याकडे असं बघतात जणू आपण त्यांच्या बापाबद्दल काही बोललो. ब्रेक्याने सांगणं कधीच सोडलं होतं. तो नुसता बघायचा.

त्याने डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर सोडला, बाजूला टांगला. डिस्क उतरवून ती ज्यावर बसते तो हब बघितला. तिथे गंज बसला की डिस्क तिरकी बसते आणि डगमगते. हब साफ होता. स्वतःच केलेलं काम होतं ते, गेल्या उन्हाळ्यात. डिस्क परत चढवून त्याने डगमग मोजणारा डायल लावला आणि हाताने डिस्क फिरवली. काटा जागचा हलला नाही. डिस्क सरळ होती.

मग त्याने दिवा जवळ आणला.

चकचकीत वर्तुळावर एका जागी डाग होता. निळसर काळा. कडा रेखीव, पॅडच्या आकाराच्या, कुणी पॅड ठेवून पेन्सिलने गिरवावा तशा. दुसऱ्या चाकाची डिस्क बघितली. तिथेही तसाच.

मालक वाकून बघायला आला. “गाडी उभी होती ना इतके दिवस? पॅडखाली गंज धरला.”

ब्रेक्याने पॉलिश पेपर घेतला आणि डागावर घासला. गंज असता तर लाल भुकटी पडली असती आणि खाली लोखंड चमकलं असतं. भुकटी पडली नाही. डाग तसाच.

“गंज नाही,” तो म्हणाला. “भाजलंय.”

“मग वहिनीबाईंनी भाजलं असेल. शिकाऊ माणूस ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवतो.”

“वहिनी गल्लीतच चालवतात. तेवढ्याने डिस्क कोमट होत नाही. आणि पहिल्या दिवसापासून थरथरतेय म्हणतात.”

“मग?”

ब्रेक्याला उत्तर माहीत होतं. डिस्क आधीच तापलेली हवी. मग वेगातली गाडी एका दमात उभी केलेली हवी. आणि उभी केल्यावर पाय दाबूनच ठेवलेला हवा, जोर लावून, बराच वेळ. तेव्हा पॅड लोखंडाला चिकटतो आणि आपली खूण ठेवून जातो.

दादाला त्याने हे शंभरदा सांगितलं होतं. डिस्क तापली असली तर उभ्या गाडीत पाय दाबून बसू नकोस, हँडब्रेक ओढ आणि पाय काढ. दादा सलाम ठोकायचा. “होय डॉक्टर.” आणि खरंच तसं करायचा. एवढी एक गोष्ट ऐकायचा. दुसरी ऐकायचा नाही. उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचा, पेट्रोल वाचतं म्हणून, आणि आख्खा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरायचा.

त्या दिवशी गाडी उतारावरच मिळाली. रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगाला टेकलेली, इंजिन चालू, न्यूट्रलमध्ये. बंपरला ओरखडा नाही. दादा स्टिअरिंगवर मान टाकून. डॉक्टर म्हणाले, मेंदूत उजवीकडे नस फुटली, डावं अंग गेलं आणि मग सगळंच. एका क्षणात. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल.

हे वाक्य घराने धरून ठेवलं. भेटायला येणारे म्हणायचे, भाग्यवान हो, असं मरण मिळायला. दोन पोरांचा बाप ऐन चाळिशीत रस्त्यावर मरतो आणि हे चहाची बशी खाली ठेवत भाग्यवान म्हणतात. पण आई त्यावर जगत होती. येईल त्याला सांगायची, माझ्या लेकाला काही कळलं नाही. गाडी आपली घरंगळत गेली आणि वाळूला टेकली.

घरंगळत गेलेली गाडी डिस्क भाजत नाही.

ब्रेक्या दिवा हातात धरून उकिडवा बसून राहिला. डावा हात गेला म्हणजे हँडब्रेक गेला. तो ओढायचा हात डावा. उरला उजवा पाय. त्या पायाने दादाने ब्रेक मारला आणि गाडी उभी केली. खाली बाजाराचा चौक. मग त्याने पाय सोडला नाही. सोडता येत नव्हता, सोडला असता तर गाडी चौकात गेली असती. बसून राहिला, दाबत. शेवटी पाय सुटला तेव्हा गाडी हळूच सरकली आणि वाळूला टेकली. म्हणून ओरखडा नाही.

मेलेल्या पायाला जोर नसतो.

“ब्रेक्या,” मालक हळू आवाजात म्हणाला. एव्हाना त्यालाही कळलं होतं. “ऐक माझं. नव्या डिस्क टाक आणि वाकली होती म्हणून सांग. म्हातारीला काय सांगणार आहेस तू? मेलेल्याचं कशाला वाचत बसतोस?”

“वाकली म्हटलं तर वहिनीने वाकवली होईल.”

“होईल. चार दिवस बोलतील. बाया ऐकून घेतात.”

“हो ना,” ब्रेक्या म्हणाला. “ऐकून घेतात म्हणून तर.”

वहिनी दाराशी जुन्या टायरवर बसली होती. त्याला येताना बघून ती उठली. त्याने तिला आत नेलं, दिवा धरला, डाग दाखवला आणि सांगितलं. कसं सांगायचं ते ठरवलं नव्हतं. गिऱ्हाईकाला सांगतो तसंच सांगितलं, सपाट आवाजात. डिस्क तापली होती, ब्रेक जोरात लागला, पाय दाबलेला राहिला. तुम्ही नाही. दादा.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने बोट पुढे केलं आणि त्या डागाच्या कडेवरून फिरवलं.

“किती वेळ?”

“तेवढं डिस्क सांगत नाही, वहिनी.”

“पण बराच.”

“बराच.”

“म्हणजे शुद्ध होती.”

“पायात जोर होता. एवढंच मला कळतं.”

तिने बोट पदराला पुसलं. “मला वाटायचंच. काही न कळता जातील असे नव्हते ते. कोपऱ्यात ठेवलेला डबा हलवला तरी त्यांना कळायचं.” मग ती एकदम म्हणाली, “आईंना सांगा.”

“वहिनी—”

“आज सांगा. मी समोर असताना.”

“आई मोडेल.”

“मोडू देत. मी नाही का मोडले? वर आणखी गाडी बिघडवली म्हणून रोज दोन वेळचं ऐकतेय. तुम्ही तिथेच जेवत असता भाऊजी. मान खाली घालून. तुम्हाला ऐकू येत नाही?”

ऐकू येत होतं. लागत नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी मामा घरी आलेलाच होता. गिऱ्हाईक रविवारी सकाळी येतं म्हणाला. आई पलंगावर बसली होती. वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली, तिची घरात आता तीच जागा होती. ब्रेक्याने पुढ्यातली खुर्ची ओढली आणि आईला सांगितलं. मघाचंच, त्याच आवाजात. हात गेला होता. पाय शाबूत होता. गाडी त्याने थांबवली. धरून ठेवली. थरथर त्याचीच आहे, वहिनीची नाही.

“आता हे काय उकरून काढतोस?” मामा तडकला. “लोखंडावरच्या डागावरून कुणाचं मरण कळतं का? सांग ना, ही बाई म्हणाली असेल तुला—”

“मामा,” ब्रेक्या म्हणाला, “तुम्ही गाडी विका नाहीतर जाळा. पण ब्रेकबद्दल माझ्या घरात मला शिकवू नका.”

त्याचा आवाज चढला नव्हता. तरी मामा गप्प झाला. या दगडाला तोंड आहे हे त्याला बहुधा आजच समजलं.

आईचे हात मांडीवर उलटे पडले होते. ब्रेक्या तिच्याकडे बघत होता आणि आपल्याला काहीतरी व्हावं याची वाट बघत होता. काही होत नव्हतं.

“म्हणजे कळलं त्याला,” आई म्हणाली.

“हो.”

“एकटाच होता.”

“हो, आई.”

“मग हाक मारली असेल रे त्याने.”

बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं.

“कुणाला मारली असेल?” आईने विचारलं. ब्रेक्याला नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या सुनेकडे मान वळवून विचारलं. या घरात हिवाळ्यापासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

वहिनीने ओठ घट्ट मिटले. दुपारपासून ती खरं सांगा, खरं सांगा म्हणत होती. ब्रेक्याला वाटलं, आता ही आपलं नाव सांगेल. बायको होती ती. हक्क होता.

“तुम्हालाच,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला मारणार?”

आईने मान हलवली. हळूहळू, पुन्हा पुन्हा. मग ती पलंगावर भिंतीकडे थोडी सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवरची चादर तळव्याने सारखी केली.

मामाने चपला घातल्या. रविवारचं काय, हे त्याने विचारलं नाही.

वहिनी जाऊन पलंगावर बसली. दोघींच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा राहिली होती. ती तशीच ठेवून दोघी समोर बघत राहिल्या.