चौथा नट

तिसरा नट पत्र्याच्या डब्यात टणकन पडला आणि केबिनमध्ये बसलेल्या मिस्त्रींना एकदम शंका आली. चाकांना दगड लावले होते का? "लावतो" असं आपण लेकीला म्हणालो, तेवढं आठवत होतं. पुढचं काही केल्या आठवेना.

लेक ट्रकखाली होती. हा म्हातारा ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचाच, असं बापलेकींनी मनावर घेतलं होतं. सकाळी मागची चाकं फिरवणारा शाफ्ट हातानं हलवला तर सांध्यात खडखडला, कडेनं तांबूस भुकटी गळली. "सांध्यातला क्रॉस खलास," मिस्त्री ऐटीत म्हणाले होते. नवा क्रॉस खोक्यात तयार होता. मागचे चार नट काढायचे आणि शाफ्ट उतरवायचा, एवढंच काम.

पण मेख तिथेच होती. या ट्रकचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, शाफ्टला धरतो. शाफ्ट सुटला की गिअर, हँडब्रेक दोन्ही फुकट; पायाचा ब्रेक तर अजून दुरुस्तच व्हायचा होता. शेडची जमीन पुढे उताराची आणि लेकीचे पाय मागच्या चाकासमोर.

मिस्त्रींनी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढून धरला. त्याचा उपयोग शून्य, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? उतरून बघावं तर कंबरेला पाच मिनिटं लागणार. ओरडावं तर झाकली मूठ उघडी पडणार. चूक कबूल करण्यापेक्षा दात उपटून घेईल असा हा माणूस. सहा महिने त्यानं आपलं विसरणं थट्टेवारी नेलं होतं. एकदा कळलं की हातात पाना कोण देणार?

खाली पाना चौथ्या नटावर बसला. मिस्त्रींची पाचावर धारण बसली.

"बाहेर ये," ते कसेबसे म्हणाले. "दगड लावले की नाही, मला आठवत नाही गं."

पाना थांबला.

"नाही लावलेत, बाबा. भिंतीपाशीच पडलेत. मी लाकडी ठोकळे लावलेत."

"कधी?"

"तुम्ही इंजिनात दोनदा तेल ओतलंत ना, तेव्हापासून रोजच लावते."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. चौथा नट डब्यात पडला. ट्रक तसूभरही हलला नाही.

"या आता खाली," लेक म्हणाली. "सावकाश. क्रॉस तुम्हीच बसवायचाय."

मिस्त्री हँडब्रेक सोडायला गेले, तर बोटंच उघडेनात.