छप्पन्न किलो जास्त

काटेमास्तरांनी टूथपेस्टची ट्यूब काट्यावर ठेवली, आकडा स्थिर होईपर्यंत मान तिरपी करून वाट पाहिली आणि म्हणाले, "एक किलो."

मुलीनं लिहिलं: टूथपेस्ट, एक.

सोफ्याच्या कोपऱ्यात पडद्याची किनार शिवत बसलेल्या सासूबाईंनी चष्म्यावरून एकदा ट्यूबकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि पुन्हा सुईत लक्ष घातलं. या सहलीतून त्यांना काय मिळणार होतं ते मोजायला काटा लागला नसता. मागच्या सीटवरची डावी खिडकी, बारा दिवस, आणि खिडकीला लागून जाणारा समुद्र. यातलं काहीच त्यांनी मागितलेलं नव्हतं. फक्त गेल्या आठवड्यात बाजारातून येताना त्या पांढऱ्या कॅनव्हासचे, रबरी तळाचे बूट घेऊन आल्या होत्या. एकाहत्तराव्या वर्षी असे बूट कोणी दवाखान्यात जायला घेत नाही.

काटेमास्तरांचा वाटा याहून मोठा होता. शहराबाहेरच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं ट्रक तोलणाऱ्या या गृहस्थांनी दोन वर्षं शोधून एक जुना ट्रेलर मिळवला होता. आत दोन बाकं, एक ओटा, एक पाण्याची टाकी आणि बंद करताना ढुंगणानं ढकलावं लागणारं दार. त्यात त्यांना न्यायची होती एक रबरी होडी, वल्ह्यांसकट आणि पंपासकट. होडीत उताणं पडायचं आणि जिथे एकही ट्रक येऊ शकत नाही अशा जागी अर्धा तास कशाचंही वजन करायचं नाही, असा बेत होता. त्यांची बायको टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करत होती. तिला हवा होता ट्रेलरच्या दाराबाहेर लावायचा कापडी मांडव आणि त्याखाली कोणी काही न बोलणारी एक दुपार. मुलीला की-बोर्ड न्यायचा होता, कारण सुट्टी संपताच कॉलेजात वाजवून दाखवायचं होतं. नकाशावर तिनं मुक्कामाच्या सात जागा लाल पेननं गोल करून ठेवल्या होत्या, सातही अशा की समुद्र डाव्या हाताला.

ट्रेलर जोडून देणाऱ्या मेकॅनिकनं मात्र बजावलं होतं. किनाऱ्याच्या रस्त्याला दोन चढ आहेत. रिकामी गाडी आणि रिकामा ट्रेलर सोडून वर पाचशे किलो, माणसं धरून. पुढे एक किलोही नको. हे ऐकून घाबरण्याऐवजी काटेमास्तरांचा चेहरा उजळला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि घरात पहिल्यांदाच असा प्रश्न आला होता ज्याचं उत्तर त्यांच्या खात्यातलं होतं. सोमवारी ते कामावरचा छोटा पार्सलचा काटा घरी घेऊन आले.

"बाबा, टोपीपण एक किलो?" मुलीनं पेन थांबवून विचारलं.

"काट्यावर अर्धवट काही नसतं. पुढचा आकडा लिहायचा."

काटा खरं तर ग्रॅमसुद्धा दाखवत होता. पण काटेमास्तर पहिल्यांदा केबिनमध्ये बसले तेव्हा त्यांच्या साहेबानं सांगून ठेवलं होतं, की ट्रकवाला नेहमी कमी सांगतो, म्हणून आपण नेहमी पुढचा पूर्ण आकडा लिहायचा, म्हणजे रस्ता सुखरूप राहतो. वीस टनांच्या ट्रकला हा नियम जितका शहाणपणाचा होता तितकाच तो टोपीलाही लागू आहे, याबद्दल काटेमास्तरांच्या मनात शंका नव्हती. टोपी एक. चमचे एक. मुलीचा पोहण्याचा चष्मा एक. सासूबाईंची बॅग सहा, त्यांची घडीची खुर्ची तीन.

चार माणसं झाली दोनशे अठ्ठेचाळीस. सामानाचे नग एकशे बारा, वजन तीनशे आठ.

"पाचशे छप्पन्न," काटेमास्तर म्हणाले. "छप्पन्न किलो जास्त."

"सगळ्यात जड नग तुम्हीच आहात," बायको म्हणाली. "ब्याऐंशी. तुम्हाला मागे ठेवलं तर होडी नेऊन वर मलाही जरा पाय पसरता येतील."

मुलगी हसली, काटेमास्तरही हसले. मग तिघंही एकदम थांबले, कारण तिघांचीही नजर यादीवरून फिरता फिरता एकाच ठिकाणी आली होती. सासूबाई सत्तेचाळीस, बॅग सहा, खुर्ची तीन. ती बेरीज कोणी मोठ्यानं केली नाही. सासूबाईंनी दाताखाली दोरा तोडला आणि पडद्याची घडी घातली. काटेमास्तरांनी यादीचे चारही कागद स्टेपल केले, वर लिहून अधोरेखित केलं, 'छप्पन्न कमी करणे', आणि फ्रिजच्या दाराला लोहचुंबकानं लावून टाकले. येता-जाता दिसेल आणि कोणाला काही सुचेल, असं म्हणाले.

मंगळवारी कोणालाच काही सुचलं नाही. काटेमास्तर आणि बायको कामावर गेले, मुलगी कॉलेजात. घरी सासूबाई, एकशे बारा नग आणि काटा. संध्याकाळी बायकोच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्याला बहिणीनंच दुपारी ऑफिसातून सहज म्हणून सांगितलं होतं. त्याचं म्हणणं असं, की आईला एवढ्या उन्हातान्हात हवंय कशाला ते? बारा दिवस आमच्याकडे राहील, तिसरा मजला आहे, वारा आहे, टीव्ही आहे. टीव्हीचा रिमोट त्याच्या बायकोच्या उशाखाली असतो, हे त्यानं सांगितलं नाही. ते सासूबाईंना मागच्या मुक्कामापासून माहीत होतं.

बुधवारी सकाळी चहा घेता घेता सासूबाई म्हणाल्या, "मी धाकट्याकडे जाते. तुम्ही जाऊन या मजेत."

दिवसभर अनोळखी लोकांची समजूत घालणाऱ्या बायकोनं आपल्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली. मुलीनं बिस्कीट चहात बुडवलं ते तसंच विरघळू दिलं. काटेमास्तरांनी घड्याळ पाहिलं. सासूबाईंनी तिघांकडेही पाहिलं नाही. त्या कप संपेपर्यंत वाट पाहत होत्या, आणि कप संपला.

"बघू की, आई," काटेमास्तर म्हणाले. "अजून चार दिवस आहेत."

"बघा," सासूबाई म्हणाल्या, कप विसळला आणि पालथा घातला.

सासूबाई चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होत्या. डॉक्टरच्या अक्षरातून औषध ओळखायचं, ते तोलायचं, पुडीत बांधायचं आणि पुडीवर असं लिहायचं की आंधळ्यालाही वाचता यावं, हा त्यांचा धंदा. तिथे पुढचा आकडा लिहिण्याची सोय नव्हती. लिहिला असता तर पेशंट गेला असता. निवृत्त झाल्यावर त्या लेकीच्या या घरी राहायला आल्या आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकात मीठ किती हे सांगायचं त्यांनी निश्चयानं सोडून दिलं. ज्या घरात राहायचं तिथे न विचारता माप सांगू नये, असं त्यांचं धोरण होतं.

गुरुवारी मुलीनं की-बोर्ड उचलून पुन्हा कपाटावर ठेवला. बारा किलो. आईनं विचारलं तर म्हणाली, "टेबलावर बोटं आपटून सराव करीन. शेजाऱ्यांचेही आशीर्वाद मिळतील." आणि जाता जाता आजीच्या खांद्याला धक्का देऊन गेली, "तू डावीकडे बसायचंस हं, मला उलटी होते तिकडे." मुलीला आयुष्यात कधी गाडीत उलटी झाली नव्हती.

संध्याकाळी बायकोनं कापडी मांडवाची गुंडाळी ओढत ओढत माळ्याच्या शिडीपर्यंत नेली. एकोणीस. "सावलीत बसायला झाडं असतात म्हणे जगात," ती कोणाला तरी म्हणाली.

राहिले पंचवीस. होडी, वल्ही आणि पंप मिळून बरोबर पंचवीस होते.  मायलेकी फक्त बैठकीच्या मधोमध पडलेल्या होडीला वळसा घालून जात, आणि वळसा गरजेपेक्षा जरा मोठा घेत. काटेमास्तरांनी शुक्रवारी बारा, एकोणीस आणि पंचवीस यांची बेरीज तीन वेळा केली. पाण्याची टाकी अर्धीच भरायची का, हे मेकॅनिकला फोन करून विचारलं. तो म्हणाला, अर्धी टाकी हिंदकळते, त्यापेक्षा भरलेली बरी. त्यांनी स्वतः सकाळचा नाश्ता सोडून पाहिला. दुपारी काट्यावर उभे राहिले तर तेच ब्याऐंशी.

शनिवारी सकाळी ते पेपर घ्यायला दारात गेले. चपलांच्या शेजारी सासूबाईंची बॅग भरून ठेवलेली होती आणि बॅगेवर एक पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात ते पांढरे बूट होते, एकही सुरकुती न पडलेले, आत चुरगळलेला कागद परत जसाच्या तसा भरलेला.

"हे काय, आई?"

"दुकानात परत देऊन मग धाकट्याकडे जाईन. बिल आहे अजून. घरात काय करायचेत असले बूट?"

काटेमास्तर पेपर घेऊन आत आले. पेपर उलटा धरून थोडा वेळ वाचला. मग उठले, होडीतली उरलीसुरली हवा गुडघ्यानं दाबून काढली, वल्ही बांधली आणि सगळं खांद्यावर टाकून माळ्यावर चढवलं. खाली आले तेव्हा कपाळाला जळमट लागलेलं होतं.

"पंप गळतोय," ते म्हणाले. "नेऊन उपयोग नाही." आणि दाराजवळ जाऊन बुटांचा खोका उघडला, कागद काढले आणि बूट जमिनीवर जोडीनं ठेवले, टाचा भिंतीकडे. "आई, उद्या सहाला निघायचं आहे. हे आजच थोडे वापरून घ्या, नाहीतर चावतील."

सासूबाईंनी बूट घातले आणि बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. रबर फरशीवर कुरकुरत होतं. मधोमध होडीची जागा मोकळी होती. तिथून त्या सरळ चालत गेल्या.

रविवारी सहाला गाडी निघाली, पण समुद्राकडे नाही, आधी वजनकाट्याकडे. काट्यावर चढल्याशिवाय शहर सोडणारा माणूस काटेमास्तर नव्हते. सुट्टीच्या सकाळी तिथे एकही ट्रक नव्हता. केबिनमधल्या सोबत्यानं हात केला, गाडी आणि ट्रेलर लोखंडी पत्र्यावर धडधडत चढले आणि थांबले. रिकाम्या दोघांचं एकवीसशे, वर पाचशे. यादीप्रमाणे बरोबर सव्वीसशे यायला हवे होते. सोबत्यानं पावती खिडकीतून आत दिली.

दोन हजार पाचशे चाळीस.

काटेमास्तरांनी पावती जवळ धरली, लांब धरली. साठ किलो कमी. आपल्या काट्यावर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता, तेव्हा चूक यादीतच असणार. त्यांनी समोरच्या खणातून यादी काढली, पुन्हा बेरीज करायला पहिलं पान उलटलं, आणि पानाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं त्यांना दिसलं. बारीक, सुटं, आंधळ्यालाही वाचता येईल असं अक्षर. टूथपेस्ट, एकशे सत्तर ग्रॅम. टोपी, नव्वद ग्रॅम. चारही पानांच्या पाठी भरलेल्या होत्या, एकशे बारा नग, एकही न गाळता. शेवटी रेघ आणि रेघेखाली एकूण: दोनशे एक्कावन्न किलो चारशे ग्रॅम. त्यापुढे लहान अक्षरात, 'माणसं धरून सहाशे ग्रॅम उरतात. सगळं बसतं.' होडी बसत होती, मांडव बसत होता, की-बोर्ड बसत होता आणि सासूबाई बसत होत्या.

दवाखान्याच्या सवयीनं खाली दिवस घातला होता. मंगळवार.

काटेमास्तरांनी त्या शब्दापासून बोटांवर दिवस मोजले. मंगळवारनंतर बुधवार आला होता आणि बुधवारी चहा झाला होता. आठवडाभर ती यादी स्वयंपाकघरात फ्रिजला लटकत होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, फक्त पाठमोरी.

"बाबा, जास्त झालं का?" मुलीनं मागून विचारलं.

आरशात सासूबाई डाव्या खिडकीशी बसल्या होत्या, खाली वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत. गाठ आधीच नीट होती.

"नाही," काटेमास्तर म्हणाले. "बरोबर आहे. काठोकाठ."

सासूबाईंची बोटं नाडीवर थांबली.

"मग होडी बसली नसती म्हणा, जावईबापू."

"छे. कुठून बसणार?"

एवढं बोलून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पावतीवरच्या आकड्यापुढे लिहिलं, सव्वीसशे. पुढचा आकडा. पावती यादीच्या पानांत घातली, पानं मिटून खणात ठेवली आणि खण बंद केला. मग गाडी सुरू केली. सासूबाईंनी काच पूर्ण खाली घेतली, अजून समुद्र यायला दोन तास होते तरी.

मुलीनं बारा भरले, तिच्या आईनं एकोणीस, काटेमास्तरांनी पंचवीस. सासूबाईंनी बुधवारच्या चहापासून शनिवारच्या पेपरापर्यंतचा वेळ भरला, आणि त्यांचा हप्ता तेवढा कोणत्याही पानावर लिहिलेला नव्हता, ना पुढून ना पाठीमागून.