सागीनने भरलेलं इंधन

नारीन गावात त्या हिवाळ्यात पाळीपाळीने वीज तोडायला सुरुवात झाली आणि एका गुरुवारी आमच्या गल्लीचा नंबर लागला. माझी लेक जिपार चुलीवर बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळत होती. तळणीचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो, म्हणून गुरुवारचं तळण आम्ही चुकवत नाही.

"आई, सहाला वीज जाणार," ती म्हणाली. "बाबांचं यंत्रही बंद पडेल."

"ठाऊक आहे. नको आठवण करून देऊस."

फडताळावर माझ्या नवऱ्याचा, सागीनचा, कॅल्क्युलेटर हिरवे आकडे दाखवत बसला होता. दवाखान्यात जायच्या सकाळी त्याने त्यात चंद्रावर उतरायचा खेळ भरला होता, एकेक बटण दाबत, चहावर साय धरेपर्यंत. "परत आलो की उतरवू," म्हणाला. आला नाही. त्या यंत्राची खोड अशी, की वीज गेली की भरलेलं सगळं विसरतं. सेल गळून आतले पत्रे कधीच सडले होते, म्हणून मी वायर भिंतीतून काढलीच नव्हती. त्याच्या बोटांचं शेवटचं काम तेवढंच उरलं होतं आणि ते मला पुसू द्यायचं नव्हतं.

आम्ही दोघं डोंगरातल्या चौकीवर बर्फ मोजायचो. दिवसभर त्याची गणितं, मग हा खेळ. दिसायचे नुसते आकडे: उंची, वेग, इंधन. बाकीचं आपलं आपण बघायचं. मला वर काळंभोर आभाळ दिसायचं, खाली राखाडी माती, आणि मी वरच रेंगाळायचे. इंधन संपलं की यंत्र गडबडायचं आणि आकड्यांच्या जागी 'एग्गॉग' अशी अक्षरं उमटायची.

"आला तुझा माहेरचा पाहुणा," सागीन म्हणायचा. "अगं, उतरायला गेलीस की हवा खायला?"

"जरा बघू तरी दे. एवढ्या लांब आलोय."

"बघायलाही इंधन लागतं, बाईसाहेब. थेंबभर जास्त मिळणार नाही."

आणि खरंच कधी दिलं नाही. कंजूष कुठला.

आज सगळं पुसलं जाणारच आहे, तर एकदा उडवून तरी बघू, म्हणून मी यंत्र मांडीवर घेतलं. थोडं इंधन जाळलं. आकडे लुकलुकत राहिले, नेहमीसारखे सावकाश. उंची आली, वेग आला, मग इंधन आलं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नेहमीच्या कितीतरी पट होतं. आकड्यात चुकणारा माणूस नव्हता तो. जाताना माझ्यासाठी टाकी भरून गेला होता.

मला रडू आवरेना.

"काय झालं गं?" जिपार झारा हातात घेऊनच आली.

"तुझ्या बापाने लबाडी केली. जन्मात पहिल्यांदा."

"मग उतरव ना पटकन. सहा वाजतायत."

"कशाला?"

मी थोडं थोडं जाळत तिथेच तरंगत राहिले. तळणीचा वास तिथवर येत होता. वीज गेली तेव्हा मी अजून वरच होते, आणि टाकीत पुष्कळ इंधन शिल्लक होतं.