दुसऱ्या मुलखाचं कुलूप

"दूर देशीचा गं वारा, आला माझ्या दारा, सांग रे पाखरा, बंधू माझा सुखी का?"

रविवारी संयोगिताच्या केसांना तेल लावता लावता आई, जिजाबाई, हे गुणगुणायची. आवाज बारीक, त्या तेलासारखाच कोमट. चार वर्षांचा विक्रमसिंह मधेच तिच्या मांडीत घुसून विचारायचा, "पण पाखराला पत्ता कोण सांगतं?"

"बहीण सांगते रे. तिला तोंडपाठ असतो."

त्याला चाळीस वर्षं लोटली. आई गेली. पत्ता मात्र संयोगिताला खरोखरच तोंडपाठ होता. न्यू जर्सी, रस्ता, घराचा नंबर, पिनकोड. सहा महिन्यांपूर्वी आबांच्या अमेरिकेच्या व्हिसा अर्जात तिनंच तो भरला होता.

आबा म्हणजे दत्ताजीराव, तिचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, बस डेपोतले निवृत्त फोरमन. पण पणजोबा बडोद्याच्या फौजेत होते, ती पाठ अजून तशीच ताठ. मुलीच्या घरी राहायचं नाही म्हणून त्यांनी बडोद्यातच, गोत्री भागात, संयोगिताच्याच सोसायटीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. जेवायचे मात्र तिच्याकडे, आणि ते त्यांच्या हिशेबात बसत होतं. या म्हाताऱ्यानं मनात एकच धरलं होतं. विक्रमला काही कळू द्यायचं नाही आणि सरळ त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. उद्या सकाळच्या गाडीनं मुंबई, परवा व्हिसाची मुलाखत.

सगळं आवरलं आणि आबांना फोन आठवला. दिवाळीत विक्रम येऊन गेला, तेव्हा जाताना स्वतःचा फोन ठेवून गेला होता. 'मी दुसरा घेतोय, हा तुम्ही वापरा, यात चेहरे मोठे दिसतात.' तो तेव्हापासून कपाटात पडून होता. "अगं, अमेरिकेचा फोन अमेरिकेला घेऊन जायला नको का? आज आपलं सिमकार्ड घालून आण त्यात."

म्हणून शाळा सुटल्यावर संयोगिता खंडेराव मार्केटसमोरच्या कुणालच्या दुकानात गेली. कुणाल तिचा जुना विद्यार्थी. भूगोलात काठावर पास झालेला.

"आवो टीचर, बेसो! आज परीक्षा कुणाची?"

"या फोनची. यात आपलं कार्ड चालत नाहीये."

कुणालनं कार्ड घातलं, काढलं, दुसऱ्या कंपनीचं घातलं. पडद्यावर तीच नकाराची ओळ. "लॉक आहे टीचर. ज्या कंपनीनं फोन विकला, तिचंच कार्ड हा घेणार. दुसरं कुठलंही दिलं की तोंड फिरवणार."

"दिवाळीत तर भावाच्या हातात इथंच चालत होता."

"तेव्हा आत तिकडचं कार्ड होतं ना. ते आपल्या नेटवर्कवर पाहुणं म्हणून आलं, चहा पिऊन गेलं. कुलूप काही उघडलं नाही. ते त्या कंपनीनंच उघडायचं. थांबा, कुठली कंपनी ते बघतो, आपण अर्ज टाकू."

त्यानं फोनचा तो पंधरा आकडी नंबर संगणकात घातला. पुन्हा घातला.

"टीचर, तुमचे भाऊ अमेरिकेतच ना?"

"न्यू जर्सीला. अकरा वर्षं झाली."

"मग हा सेकंडहँड घेतला असणार त्यांनी." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. "आ फोन अमेरिकानो नथी. त्रिनिदादचा आहे. वेस्ट इंडीज."

संयोगिता हसली. ते नाव तिनं फक्त आबांच्या क्रिकेटच्या गप्पांत ऐकलेलं. "काहीतरी चुकतंय तुझं. त्याचा नंबर बघ, प्लस एकनं सुरू होतो. अमेरिकाच की."

"त्या बेटांनाही प्लस एकच आहे. पुढचे तीन आकडे बघायचे." कुणालनं तिच्या फोनमधला विक्रमचा नंबर पाहिला. मग तो हळू आवाजात, वर्गात चुकीचं उत्तर देताना बोलायचा तसा, म्हणाला, "टीचर, नंबरसुद्धा तिथलाच आहे. आठशे अडुसष्ट."

फोन पर्समध्ये टाकून ती उठली. दुकानातली माणसं बोलत होती आणि आवाज येत नव्हता. बाहेर स्कूटरपाशी मेथीच्या जुड्यांचा ढीग पडला होता. त्याच्याशेजारी उभं राहून तिनं विक्रमला फोन लावला. साडेपाच वाजले होते.

"बोल ताई! आज अशी मधेच?"

"तुझ्याकडं किती वाजलेत रे?"

"आठ. कामावरच निघालोय."

आबांच्या खोलीत दोन घड्याळं होती. एक बडोद्याचं, एक विक्रमचं. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागं जातात, तेव्हा आबा स्टुलावर चढून विक्रमचं घड्याळ मागं करायचे. आत्ता हिवाळाच होता, म्हणजे त्या घड्याळात या घडीला सात वाजले असणार. गेल्या साली आबांनी त्याला विचारलं होतं, 'केलंस का रे घड्याळ मागं?' तर हा म्हणाला होता, 'कसलं घड्याळ?' आणि मग उगाच मोठ्यानं हसला होता. त्या बेटांवर घड्याळ मागं करतच नसावेत. तिला ते हसू आत्ता, इतक्या उशिरा ऐकू आलं.

"न्यू जर्सीत आत्ता सात वाजलेत, विक्रम."

पलीकडे लांब कुठंतरी कोंबडा आरवला.

"कुठं आहेस तू?"

"कळलं होय तुला," तो म्हणाला. आवाज असा, की डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवलं आणि त्याच क्षणी मानच मोडली. "नोकरी गेली ताई, नोकरीबरोबर व्हिसाही. साठ दिवसांत देश सोडायचा होता. ओळखीच्या एकानं इथं त्रिनिदादला गोदामात काम दिलं. म्हटलं, वर्षभरात परत अमेरिकेत जाईन. तीन झाली."

"घरी का नाही आलास?"

"कसा येऊ? आबांनी माझ्या नावानं अख्ख्या सोसायटीत पेढे वाटलेत. तू त्यांना सांगू नकोस. येत्या दिवाळीत मी समोर बसून सांगीन, शपथ."

"दिवाळी? आबांची परवा व्हिसाची मुलाखत आहे, मुंबईला. त्यांना तुला न सांगता तुझ्या दारात उभं राहायचंय."

"कुठल्या दारात?" विक्रम ओरडला. मग त्याचा आवाज चिरकला. "ताई, तिथं आता दुसरीच माणसं राहतात गं."

ती स्कूटरवर बसली आणि निघाली. बऱ्याच वेळानं छाणीची पाटी दिसली, तेव्हा कळलं की गोत्री मागंच राहिली आणि आपण भलतीकडे आलोय. वळताना तिला रागही आला. आबांच्या डोळ्यांत थेंब कोण घालतं, रक्ताच्या तपासणीला कोण नेतं? आणि पेढे कुणाच्या नावाचे? पण तो राग धक्क्यापुढं टिकला नाही. विझूनच गेला.

आबा इस्त्रीचा काळा कोट घालून खुर्चीत बसले होते, मांडीवर कागदांची फाइल.

"आलीस? बस समोर. आता तू साहेब हो. सराव करू."

"आधी जेवा ना, आबा."

"साहेब काय आधी जेवायला वाढतो? विचार. आणि जरबेनं विचार, पोरांना दटावतेस तशी."

तिनं घसा साफ केला. "नाव?"

"दत्ताजीराव पिलाजीराव मोरे."

"कशासाठी चाललात?"

"मुलाला भेटायला. सरप्राइज."

"सरप्राइज म्हणू नका. संशय येईल त्यांना."

"बरं, गाळलं." आबा खुशीत आले होते. "पुढं?"

"परत येणार कशावरून?"

"इथं माझी मुलगी आहे. तिच्या हातचं मीठ मला बरोबर लागतं. तिकडं कोण देणार?"

संयोगितानं मान खाली घातली. त्यांच्या फाइलमधल्या कागदावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलू लागली.

"अगं, मुख्य प्रश्न राहिला! मुलगा कुठं राहतो, विचार की."

तिनं फाइल उचलून बाजूला ठेवली.

"विचार! बरं, मीच सांगतो. आणि तिथं म्हणे उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते. तेही करून बघू." आबा उठले. पाय जुळवले, पाठ ताठ केली आणि उजवा हात खांद्यापर्यंत वर नेला. "मी सांगतो ते खरं आहे. माझा मुलगा विक्रमसिंह दत्ताजीराव मोरे, राहणार..."

संयोगिता उठली. तो वर गेलेला हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि सावकाश खाली आणला.

"काय गं? चुकलं का काही?"

"तुमचं नाही चुकलं, आबा. विक्रम त्या पत्त्यावर नाही. अमेरिकेतच नाही. तीन वर्षं झाली."