कमळ ठेवलेला मग

मित्रांनो, रायपूरच्या गुढियारीतील एका घराच्या गच्चीवर, फुटक्या कुंड्यांच्या ओळीत निळ्या वेलबुट्टीचा जो जुना राखाडी मग पडून आहे, तो मी.

माझा जन्म जर्मनीतल्या एका लहान गावात झाला. कुंभाराने मला चाकावर घडवले, भट्टीत मीठ टाकून चकाकी चढवली आणि वर कथिलाचे झाकण बसवले. तिथल्या मद्यालयात रोजच्या मंडळींचे एक ठरलेले टेबल असे. परका माणूस विचारल्याशिवाय तिथे बसत नसे. प्रत्येकाचा मग भिंतीवरच्या फळीवर त्याची वाट पाहत असे. पेले भिडवताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचे, ही त्यांची रीत. मी आलोइस नावाच्या म्हाताऱ्या सुताराचा होतो. माझ्यातली बियर तो संध्याकाळभर पुरवी आणि गाणे गुणगुणत घरी जाई.

या घरातला मुलगा प्रशिक त्या गावी बियर बनवायला शिकत होता. सातूला मोड आणण्यात आणि फेसाचा वास ओळखण्यात त्याचा जीव रमे. माणसांत मात्र तो भिंतीला टेकून उभा राही. आलोइसने त्याला हाताला धरून त्या टेबलावर बसवले. पुढे प्रशिक सुटीत घरी निघाला, तेव्हा मला त्याच्या हाती देत म्हातारा म्हणाला, "तुझ्या वडिलांना दाखव."

घरी मात्र तो अन्नप्रक्रिया शिकतो, असाच समज होता. या सुटीत बाबांना खरे सांगायचे आणि त्यांचा होकार घेऊनच परतायचे, एवढेच त्याने मनाशी धरले होते.

त्याची आई मीराबाई मला पाहून हरखली. "काय देखणं आहे बाप्पा हे. गोल बाजारात असं भेटत नाही."

"आई, वो असल में..." त्याचे वाक्य अर्ध्यातच विरले.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. मीराबाईने मला घासून, तलावातले कमळ माझ्यात ठेवून बुद्धमूर्तीपुढे मांडले. एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता. रेल्वेतून निवृत्त झालेले त्याचे बाबा धर्मपाल पंचशील म्हणत होते आणि प्रशिक त्यांच्यामागून. मद्यापासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलापाशी मुलाचा आवाज थांबला.

"काहून थांबला?"

"बाबा, तो मग तिथून काढा. बियरचा आहे. मैं वही बनाना सीख रहा हूँ."

धर्मपाल ओरडले नाहीत. कमळ काढून त्यांनी ताटात ठेवले.

"तुह्या आज्याले आम्ही दारूच्या भट्टीवरून उचलून आणलं होतं. मेलेला."

"मले कधी सांगितलं नाही, बाबा."

"सांगायसारखं होतं का ते?"

"वहाँ लोग वैसे नहीं पीते."

"भट्टीवरचेबी असंच म्हणत."

मला गच्चीवर आणून ठेवले ते त्यांनीच. प्रशिक होकाराविनाच परत गेला.

मित्रांनो, आता माझ्यात पावसाचे पाणी साचते आणि अळ्या वळवळतात. झाकणाची बिजागरी उघडीच जाम झाली आहे. रविवारी खाली फोन वाजला की धर्मपाल गच्चीवर येतात, माझ्याशेजारच्या कठड्यावर बसतात. "बाबा कहाँ हैं?" हा स्पीकरवरचा प्रशिकचा प्रश्न जिन्यातून वर ऐकू येतो. "बाहेर गेले," असे मीराबाई सांगते. फोन बंद होईपर्यंत ते खाली उतरत नाहीत. गेल्या काही रविवारी तर प्रशिकने तो प्रश्न विचारलाच नाही. धर्मपाल तरीही वर आले, आणि कान देऊन बसून राहिले.

मला कुणी उचलून धुवावे, असे आता वाटत नाही. मागणे एवढेच, की आपल्या घरावर कोणता घाव आहे, हे मुलांना ती दूर जाण्याआधी सांगा. आणि मुलांनो, तुम्हीही आपले काम घरच्यांपासून लपवू नका. या घरात दोघेही फार उशिरा बोलले.