चालण्यासारखी वस्ती

अमेरिकेतल्या मिनेसोटात कुणी काही पुढे केलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला, की मग संकोचून "बरं, एवढं म्हणताच आहात तर" असं पुटपुटत घ्यायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाही तर हावरट. हार्लन ट्वेट यातलं काहीच नव्हता. रोज बरोबर चालणाऱ्या आर्डिस नायलंडच्या डब्यातली लिंबाची वडी तो रोज तिसऱ्या आग्रहालाच उचलायचा. आधीच्या दोन्ही नकारांच्या वेळी त्याची नजर मात्र वडीवरच असायची.

हा कार्यक्रम चालायचा एल्म प्रेरी गावच्या एका अवाढव्य दुकानात. गावाच्या कडेला पूर्वी अशा दुकानांची रांगच होती. आत विमान ठेवावं एवढी एकेक इमारत आणि पुढे त्याहून मोठं वाहनतळ. एकेक करून ती बंद पडली आणि हे एक तेवढं तग धरून राहिलं. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, म्हणून दुकान उघडण्याआधी गावातले म्हातारे आत येऊन चालायचे. रंगाच्या डब्यांपासून निघायचं, गवत कापायच्या यंत्रांना वळसा घालायचा आणि कुत्र्यांच्या खाण्यापाशी दम खायचा. बायको गेल्यावर डॉक्टरांनी हार्लनला चालायला सांगितलं. सुरुवातीला तो डॉक्टरांसाठी चालला, मग आर्डिससाठी. हे त्याने तिला सोडाच, स्वतःलाही कधी धड सांगितलं नाही. तिचा फोन नंबरसुद्धा घेतला नव्हता. रोज भेटणाऱ्या बाईचा नंबर मागायचा तरी कशाला?

मग नगरपालिकेने सभा बोलावली. ब्रेना नावाच्या तरतरीत नियोजनकार बाईने पडद्यावर चित्रं दाखवली. ही गोदामासारखी दुकानं पाडायची, उरलेलं हे एकसुद्धा, तिथे घरं, झाडं, बाकं, कॉफीची दुकानं उभी करायची. गाडीने वळसा आणि पायी सरळ, असं तिचं घोषवाक्य होतं. गाव पुन्हा चालू लागेल, असं ती म्हणाली. हार्लन हुरळला. त्या झाडांखालून आर्डिसबरोबर चालणारा एक माणूस त्याला डोळ्यांसमोर दिसला, आणि त्याच्या डोक्यावर हार्लनचीच टोपी होती. जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, मी रोज चालतो, मला हे हवं आहे. टाळ्या पडल्या, ठराव झाला.

शेजारी बसलेली आर्डिस एवढंच म्हणाली, "वेगळंच आहे बाई."

तिकडे कुणी 'वेगळंच आहे' म्हणालं, की यापेक्षा कडक निषेध नसतो, हे हार्लनला पक्कं ठाऊक होतं. पण टाळ्यांच्या नादात त्याने ते कानाआड केलं.

दुकानातल्या शेवटच्या सकाळी आर्डिसने डबा बंद केला आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "सगळे आता हायवेवरच्या त्या नव्या दुकानात चालायला जाणार आहेत. तुम्हाला घ्यायला येऊ का?"

"नको, नको. उगाच तुम्हाला वळसा."

"वळसा कसला? वाटेवरच आहे."

"नको हो, खरंच."

तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना हाक मारली. तिसरा आग्रह तसाच हवेत राहिला आणि हार्लन तो ऐकायला पुढचं दीड वर्ष कान टवकारून बसला.

नवी वस्ती उभी राहिल्यावर त्याने घर विकून तिथे फ्लॅट घेतला. गाडीला जागा नव्हती. चालण्याच्या वस्तीत गाडी हवी कशाला, असं ब्रेनाने हसून विचारलं, तेव्हा त्याने आपला जुना पिकअपही विकून टाकला. आज ना उद्या आर्डिस आणि मंडळी इथेच येणार, याची त्याला खात्री होती. कोण येतंय! जानेवारीत झाडांच्या काड्या झाल्या आणि बाकांवर गुडघाभर बर्फ साचला. दोन इमारतींमधल्या पायवाटेवरून असा वारा सुटायचा, की कॉफीवालाही दार अर्धवटच उघडायचा. हार्लन फ्लॅटच्या खिडकीत बसून राहायचा. समोर नगरपालिकेचा मोठा फलक होता. त्यावर दुकानातल्या फोटोतला हार्लन हसत चालत होता. शेजारच्या आर्डिसला कापून टाकलं होतं, तिचं एक कोपर तेवढं उरलं होतं. त्या कोपराकडे बघून त्याला भडभडून यायचं. आपल्याच हाताने आपण आपलं चालणं पाडून घेतलं, हे त्याला चांगलं कळलं होतं.

एका सकाळी तो कचरा टाकायला खाली उतरला, तर आर्डिसची निळी गाडी हळूहळू येताना दिसली. काच खाली झाली.

"हार्लन! चला, बसा. चालायला जाऊ."

दीड वर्षं वाट पाहिलेला माणूस काय म्हणाला असेल?

"नको, नको. तुम्हाला कशाला त्रास!"

शब्द तोंडातून सुटले आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. मागे बस येऊन उभी राहिली आणि आर्डिसला पुढे जावं लागलं. रस्ता एकेरी, त्यामुळे ती सगळ्या इमारतींना वळसा घालून परत आली.

"मी म्हणते, बसा ना."

"खरंच नको हो," जीभ म्हणाली. हार्लनचं त्यात काही मत नव्हतं. मागे आलेल्या दुसऱ्या बसच्या चालकाने भोंगा वाजवला आणि गाडी पुन्हा पुढे गेली.

या खेपेला ती वळणावर न वळता सरळ हायवेकडे निघाली तर? एकाच माणसाला किती वेळा विचारायचं, यालाही काही मर्यादा असते. हार्लनने कचऱ्याची पिशवी तिथेच टाकली आणि दोन इमारतींमधली पायवाट धरली. वारा तोंडावर चाबकासारखा बसत होता, पाय घसरत होते, पण वाट होती सरळ. ब्रेनाचं घोषवाक्य अगदी खरं निघालं. तो पलीकडच्या कोपऱ्यावर पोचला, तेव्हा निळी गाडी अजून वळसाच घालत होती. तो तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला, दार उघडलं आणि आत बसला.

"मी तिसऱ्यांदा विचारलं कुठे?" आर्डिस म्हणाली.

"नका विचारू. मी आलोय."

तिने गाडी पुढे काढली. वस्ती मागे पडल्यावर म्हणाली, "दर आठवड्याला अंधार पडल्यावर येते हो मी इथे. तुमच्या खिडकीत दिवा दिसायचा. पण गाडी लावायला जागा मिळेल तर शपथ! दोन फेऱ्या मारायचे आणि जायचे परत."

 हार्लनने तिचा नंबर मागितला, तोही एकदाच. तिने लगेच सांगितला.

हायवेवरच्या दुकानासमोर मैदानाएवढं वाहनतळ पसरलेलं होतं, निम्म्याहून जास्त रिकामं. तरी आर्डिस गाडी लावेना. तिने एक फेरी मारली, मग दुसरी.

"आता काय?" हार्लनने विचारलं.

"दाराजवळची जागा रिकामी होतेय का बघते," ती म्हणाली. "एवढ्या लांबून कोण चालत जाईल?"